फिजिओथेरपिस्टने पेशंटला काय, केव्हा आणि कसं सांगायचं: कायद्याच्या अंगाने सविस्तर मार्गदर्शन

पहिल्या दिवशी रिसेप्शनवर सही करून घेतलेला कन्सेंट फॉर्म फाइलमध्ये आहे, म्हणजे आपली बाजू भक्कम आहे, असं बरेच फिजिओथेरपिस्ट धरून चालतात. त्या फॉर्मवर बहुतेक वेळा एवढंच असतं: 'मला उपचारांची माहिती देण्यात आली असून माझी त्यास संमती आहे.' कोणते उपचार, कोणता धोका, दुसरा पर्याय होता का, याबद्दल एक अक्षर नसतं. तक्रार झाली की कोर्ट किंवा व्यावसायिक परिषद त्या सहीमागचं बोलणं तपासते. पेशंटला नक्की काय सांगितलं, कुणी सांगितलं, त्याला ते समजलं का, त्याने काय विचारलं आणि मग तो हो म्हणाला का, हे प्रश्न येतात आणि फॉर्मकडे त्यांची उत्तरं नसतात.

आपल्या व्यवसायात हा प्रश्न जास्त अवघड आहे. सर्जन ऑपरेशनआधी बसून बोलतो आणि ऑपरेशन एकदाच करतो. आपला पेशंट आठवडे-महिने येत राहतो. पहिल्या सिटिंगला शेक आणि हलके व्यायाम, चौथ्याला मोबिलायझेशन (हळूहळू दाब देत सांधा सैल करणं), पुढे कधीतरी सुया किंवा मानेचं मॅनिप्युलेशन (छोटा झटका देऊन सांधा मोकळा करणं). प्रत्येक वेळी अंगाला हात लागतो, अनेकदा कपडे बाजूला करावे लागतात, आणि निम्मे उपचार पेशंट आपल्या नजरेआड, घरी स्वतः करतो. म्हणून माहिती देण्याचं कर्तव्य पहिल्या भेटीत उरकत नाही, ते उपचार संपेपर्यंत चालू राहतं. पुढे जे लिहिलं आहे त्याचा सगळा रोख याच गोष्टीवर आहे. बारीक नियम देशागणिक बदलतात, तेव्हा आपल्या परिषदेची आचारसंहिता हाताशी ठेवून वाचा. गाभा मात्र जवळपास सगळीकडे सारखाच आहे.

आधी कायद्याची चौकट

दोन वेगळ्या चुका आहेत आणि कायदा त्यांना वेगळं वागवतो. संमतीच घेतली नाही, किंवा घेतली एका गोष्टीची आणि केली दुसरीच, तर तो अंगाला विनापरवाना हात लावणं ठरतो. मग उपचार चांगला झाला, फायदा झाला, हा बचाव फारसा कामाचा नाही. संमती घेतली, पण ती देण्यासाठी लागणारी माहिती अपुरी दिली, तर तो निष्काळजीपणा. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये रीबल विरुद्ध ह्यूजेस या खटल्यात ही रेघ स्पष्ट आखली.

पुढचा प्रश्न: किती माहिती पुरेशी? इंग्लंडमध्ये 1957 च्या बोलम खटल्यापासून बराच काळ 'जबाबदार व्यावसायिक जेवढं सांगतात तेवढं' हे माप चाललं. अमेरिकेत 1972 मध्ये कँटरबरी विरुद्ध स्पेन्स या पाठीच्या ऑपरेशनवरच्या खटल्यात माप बदललं: पेशंटच्या जागी असलेल्या समंजस माणसाला निर्णय घेताना जे महत्त्वाचं वाटेल ते सांगायचं. ऑस्ट्रेलियाने 1992 मध्ये आणि ब्रिटनने 2015 मध्ये, माँटगोमेरी खटल्यात, हीच दिशा घेतली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या समीरा कोहली निकालात थोडी वेगळी वाट धरली. उपचाराचं स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय, ठळक धोके आणि उपचार नाकारल्यास काय होईल, हे सगळं सांगायलाच हवं. अगदी दुरापास्त धोके सांगितलेच पाहिजेत असं नाही, असं ते म्हणालं. त्याच निकालाने आणखी एक गोष्ट ठामपणे सांगितली: तपासणीसाठी दिलेली संमती उपचाराला लागू होत नाही, आणि शुद्धीवर येऊन स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या प्रौढ पेशंटच्या वतीने आईने दिलेली संमतीही चालत नाही. 'नातेवाईक हो म्हणाले' यावर विसंबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

हे खटले डॉक्टरांवरचे आहेत, पण तत्त्व उपचार करणाऱ्या प्रत्येकाला लागू होतं. जर्मनीत तर 2013 पासून हे नागरी कायद्यातच कलमवार लिहिलं आहे आणि त्या कलमांच्या कक्षेत फिजिओथेरपिस्टही येतात.

माझं मत विचाराल तर तुमच्या देशात कोणतंही माप असो, काम कडक मापाने करा. समोरच्या माणसाला काय जाणून घ्यायचं असेल, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा. तो विचारला की सौम्य माप आपोआप पाळलं जातं.

पायरी 1: आपण कोण, हे सांगा

नाव, शिक्षण, नोंदणी, आणि उपचार नक्की कोण करणार. हे सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत जास्त राहून जाणारं. 'डॉक्टर' हा शब्द कानावर पडला की अनेक पेशंट आपल्याला वैद्यकीय डॉक्टर समजतात आणि त्या समजुतीवर निर्णय घेतात. गैरसमज दिसला तर दूर करणं आपलं काम. सिटिंग असिस्टंट घेणार असेल, विद्यार्थी हजर राहणार असेल किंवा त्याचा हात लागणार असेल, तर आधी विचारा. विचारायचंही अशा वेळी, की विद्यार्थी खोलीत उभा नाही. समोर कोणी उभं असताना नाही म्हणणं बहुतेकांना जमत नाही.

पायरी 2: तपासणीची वेगळी परवानगी

तपासणीलाही संमती लागते. कोणता भाग बघायचा, कुठले कपडे बाजूला करावे लागतील, कुठे दाबून बघणार, दुखेल का, हे आधी सांगा. 'कंबर बघायची आहे. त्यासाठी शर्ट वर आणि पँटचा पट्टा थोडा खाली घ्यावा लागेल. मी मणक्याच्या दोन्ही बाजूंना आणि माकडहाडाच्या वर दाबून बघणार आहे. चालेल?' एवढी चार वाक्यं.

ओटीपोट, जांघ, छाती, नितंब अशा ठिकाणी आणि खास करून पेल्विक फ्लोअरच्या (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या) तपासणीत इतकं पुरत नाही. का करायचं, कसं करायचं, त्याऐवजी बाहेरून काही करता येईल का, हे सांगा. सोबत पेशंटच्या पसंतीचं किंवा क्लिनिकमधलं कोणी हवं का, हे विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. फिजिओथेरपिस्टवर येणाऱ्या गंभीर तक्रारींमधला एक प्रकार असा असतो, की केलेला स्पर्श उपचाराला धरूनच होता, पण पेशंटला तो कशासाठी हे कोणी सांगितलंच नव्हतं. मांडीच्या आतल्या स्नायूवर हात ठेवण्याचं कारण आपल्याला उघड असतं, टेबलावर झोपलेल्या माणसाला नसतं.

पायरी 3: सापडलं काय आणि ठाऊक नाही काय

निदानाचं नाव सांगून थांबू नका. त्याचा अर्थ, ते कशावरून वाटतं आणि त्यात खात्री किती, हेही सांगा. 'आत्ता तरी हे खांद्याच्या सांध्याचं आखडणं वाटतंय. दुसरी शक्यताही आहे, दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर फोटो काढून बघू' हे बोलणं प्रामाणिक आहे आणि कायद्याच्या दृष्टीने सुरक्षितही. अनिश्चितता लपवून ठेवली की पेशंट एका चुकीच्या चित्रावर विसंबून हो म्हणतो.

आपल्या कक्षेबाहेरचं काही दिसलं तर ते सांगणं आणि पुढे पाठवणं हाही माहिती देण्याच्या कर्तव्याचाच भाग आहे. घाबरवायचं नाही म्हणून संशय मनात ठेवायचा, ही दया नाही.

पायरी 4: योजना, पर्याय आणि काहीच न करण्याचा पर्याय

काय करणार, कशासाठी, साधारण किती आठवडे, सुधारणा कशावरून मोजणार, आणि किती सिटिंगनंतर फेरविचार करणार. मग पर्याय. इथे आपण कमी पडतो, कारण पर्याय म्हटलं की आपल्याच पेटीतली दुसरी मशीन आठवते. औषध, इंजेक्शन, ऑपरेशन, नुसता घरचा व्यायाम, आणि थोडं थांबून बघणं, हे सगळे पर्याय आहेत. साध्या कंबरदुखीचे बरेच पेशंट काही आठवड्यांत फारसे उपचार न घेताही सुधारतात, ही माहिती लपवून वीस सिटिंगचं पॅकेज विकणं म्हणजे अपुऱ्या माहितीवर घेतलेली संमती.

कोणता पर्याय 'वाजवी' हे कोण ठरवणार? ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये मॅककलक खटल्यात सांगितलं की हे व्यावसायिकाने आपल्या जाणकारीने ठरवायचं. पण जे वाजवी ठरतील ते सगळे पेशंटसमोर ठेवायचे. त्यातला आपल्याला आवडतो तेवढाच एक निवडून पुढे करायचा नाही.

पायरी 5: धोके

इथे थोडं थांबू, कारण बहुतेक वाद इथलेच असतात.

धोका सांगण्याजोगा आहे का, हे दोन गोष्टींवर ठरतं: तो किती वेळा घडतो आणि घडला तर किती मोठं नुकसान होतं. वारंवार होणारं किरकोळ दुखणं सांगायचं. क्वचित होणारं पण आयुष्य बदलणारं नुकसानही सांगायचं. ऑस्ट्रेलियातला 1992 चा रॉजर्स विरुद्ध व्हिटेकर खटला यासाठी पुन्हा पुन्हा सांगितला जातो. एका बाईंचा उजवा डोळा जवळजवळ निकामी होता. त्यावर ऑपरेशन करताना धडधाकट डाव्या डोळ्यालाही इजा होऊ शकते, हा धोका सुमारे 14,000 मध्ये 1 इतका होता. त्यांनी आपला चांगला डोळा जपण्याबद्दल सतत विचारणा केली होती, तरी डॉक्टरांनी हा धोका सांगितला नाही. नेमकं तेच घडलं आणि त्या जवळपास पूर्ण अंध झाल्या. कोर्टाने डॉक्टरांना जबाबदार धरलं. दुर्मीळ धोकासुद्धा समोरच्या माणसाला महत्त्वाचा वाटतो हे दिसत असेल, तर तो सांगावाच लागतो.

आता आपल्या टेबलावरचे उपचार घ्या.

मानेचं मॅनिप्युलेशन. उपचारानंतर एक-दोन दिवस दुखणं, डोकं जड होणं, हे नेहमीचं. दुर्मीळ पण भयंकर धोका म्हणजे मानेतल्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चीर जाऊन पक्षाघात. ऑस्ट्रेलियाच्या फिजिओथेरपी संघटनेने 1988 मध्येच मॅनिप्युलेशनआधीच्या तपासणीची पद्धत घालून दिली होती, आणि मॅन्युअल थेरपीच्या (हातांनी करायच्या उपचारांच्या) आंतरराष्ट्रीय महासंघाने मानेच्या तपासणीची चौकट 2020 मध्ये सुधारून दिली. त्यात धोका तपासणं, पर्यायांचा विचार आणि पेशंटसोबत निर्णय घेणं या तिन्हींवर भर आहे. हा धोका इतका दुर्मीळ आहे की सांगितला तर पेशंट उगाच घाबरेल, असं अनेकांना वाटतं. माझ्या मते इथे सांगण्याला पर्याय नाही, कारण याच दुखण्यासाठी मोबिलायझेशन आणि व्यायाम असे सौम्य मार्ग उपलब्ध असतात. सौम्य मार्ग आहे हे कळल्यावर कोणी मॅनिप्युलेशन नको म्हणत असेल, तर तो त्याचा हक्कच आहे.

प्रत्यक्ष बोलणं साधारण असं होऊ शकतं:

'काकू, मान मोकळी करायला दोन मार्ग आहेत. एक, हळूहळू दाब देत सांधा सैल करायचा. दुसरा, एक छोटा झटका द्यायचा, त्यात कटकन आवाज येतो. झटक्याने कधीकधी लवकर बरं वाटतं. दोन्हींनंतर एक-दोन दिवस दुखू शकतं. झटक्याच्या प्रकारात अगदी क्वचित मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन लकवा झाल्याची उदाहरणं आहेत. तुमची तपासणी मी केली आहे, काळजीचं काही दिसलं नाही, पण धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही.'

'मग माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?'

'मी तुमच्या जागी असते तर आधी हळू पद्धतीने सुरुवात केली असती. पण निर्णय तुमचा आहे. आज नको असेल तर घरी विचार करून या.'

यात धोक्याचं नाव आहे, पर्याय आहे, सल्ला आहे आणि नाही म्हणायला जागाही आहे. वेळ दोन मिनिटांपेक्षा कमी.

ड्राय नीडलिंग, म्हणजे स्नायूत बारीक सुया टोचणं. 39 फिजिओथेरपिस्टनी केलेल्या 7,629 उपचारांच्या एका पाहणीत सुमारे 19 टक्के वेळा किरकोळ त्रास झाला. सर्वांत जास्त वेळा काळंनिळं पडणं, मग रक्त येणं, मग दुखणं. त्या पाहणीत गंभीर इजा एकही नव्हती. पण खांदा, छाती आणि बरगड्यांच्या भागात सुई फुप्फुसापर्यंत जाऊन त्याभोवती हवा साचल्याच्या घटना इतरत्र नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून या भागात सुया टोचण्याआधी हा धोका सांगा, आणि 'आज किंवा पुढच्या काही दिवसांत धाप लागली, छातीत टोचलं, कोरडा खोकला सुरू झाला तर थेट इमर्जन्सीत जा आणि सुया टोचल्याचं तिथे सांगा' हेही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हे विचारल्याशिवाय सुई उघडूच नका.

शेक आणि मशीन. सवयीची गोष्ट म्हणून यांच्याकडे सगळ्यांत दुर्लक्ष होतं, आणि भाजल्याच्या तक्रारी इथूनच येतात. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला चटका कळतच नाही. 'ऊबदार वाटलं पाहिजे, गरम नाही. गरम लागलं तर सहन करू नका, ही बेल दाबा' हे वाक्य म्हणजे धोक्याची माहिती आहे. सहन केलं तर लवकर गुण येतो असं अनेकांना प्रामाणिकपणे वाटतं, म्हणून ते मुद्दाम खोडून काढावं लागतं. शॉर्टवेव्हआधी (विद्युतलहरींनी खोलवर शेक देणाऱ्या मशीनआधी) पेसमेकर, मेंदूत बसवलेलं उपकरण, शरीरातला धातू, गरोदरपण यांबद्दल विचारा, आणि का विचारता हेही सांगा. कारण कळलं की पेशंट विसरलेली गोष्ट आठवून सांगतो.

व्यायामालाही धोका असतो. ऑपरेशननंतरच्या टाक्यांवर किंवा शिवलेल्या स्नायूवर वेळेआधी भार आला तर काय होईल, हे सांगितलं नाही आणि पेशंटने उत्साहाने जास्त केलं, तर दोष त्याच्या उत्साहावर ढकलता येणार नाही.

पायरी 6: समोरचा माणूस कोण आहे

रीबल खटल्यातला माणूस 44 वर्षांचा होता. मोटारीच्या कारखान्यात नोकरी, आणि पूर्ण पेन्शनला दीडेक वर्ष बाकी. मानेतल्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन झालं आणि पक्षाघात झाला. धोका नीट सांगितला असता तर पेन्शन पदरात पडेपर्यंत मी थांबलो असतो, असं त्याचं म्हणणं होतं, आणि कोर्टाला ते पटलं. वैद्यकीय पुस्तकात पेन्शन नसते. त्या माणसाच्या निर्णयात ती होती.

म्हणून धोका सांगण्याआधी दोन प्रश्न विचारा: काम काय करता, आणि येत्या काही दिवसांत काही महत्त्वाचं आहे का. गायिकेला मानेच्या उपचारानंतरचा दोन दिवसांचा त्रास किरकोळ नसतो. परवा परीक्षा असलेल्या मुलाच्या उजव्या हातात सुया टोचायच्या की आठवडाभर थांबायचं, हे त्याला ठरवू द्या. ड्रायव्हरला चक्कर येण्याची शक्यता वेगळी सांगावी लागते.

पायरी 7: समजलं का, हे तपासा

रीबलच्याच खटल्यात पेशंटला इंग्रजी नीट येत नव्हतं, आणि अशा वेळी त्याला खरंच समजलं आहे ना याची खात्री करणं डॉक्टरांचं काम होतं, असं कोर्टाने म्हटलं. 'समजलं ना?' या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. त्यापेक्षा असं विचारा: 'घरी गेल्यावर मुलीने विचारलं की आज काय करणार होते आणि जपायचं काय, तर काय सांगाल?' पेशंटच्या उत्तरात भोक दिसलं तर ते आपल्या सांगण्यातलं समजा आणि पुन्हा सांगा.

भाषा वेगळी असेल तर दुभाष्या बघा. नातेवाईक सोयीचे असतात, पण ते गाळून सांगतात, विशेषतः धोके आणि नाजूक गोष्टी. ऐकू कमी येत असेल तर मशीन बंद करून समोर बसा. माहितीपत्रक द्या, पण बोलण्याच्या जोडीला. जर्मन कायद्यात तर माहिती तोंडी, वेळेवर आणि समजेल अशीच द्यावी लागते. कागदाचा फक्त आधार घेता येतो. ती देणारी व्यक्तीही तो उपचार करण्याइतपत प्रशिक्षित असावी लागते. रिसेप्शनवर फॉर्म भरून घेणारा माणूस त्यात बसत नाही.

पायरी 8: हो, नाही, आणि आता थांबा

हात पुढे करणं, टेबलावर चढणं ही साध्या गोष्टींपुरती गृहीत संमती. सुया, मॅनिप्युलेशन, नाजूक भागातलं काम, यासाठी तोंडी आणि स्पष्ट हो हवा. लेखी घेतला तर आणखी बरं. संमती दबावाखाली नको. अर्धे कपडे काढून टेबलावर पालथ्या पडलेल्या माणसाला पर्याय समजावणं म्हणजे त्याला नाही म्हणायची सोय न ठेवणं. बसवून बोला.

संमती कधीही मागे घेता येते, मधेच, अर्ध्या झटक्यालाही. 'थांबा' म्हटलं की थांबायचं, मग विचारायचं.

पेशंट नाही म्हणाला तर काम संपत नाही. न केल्यास काय होऊ शकतं ते शांतपणे सांगा, दुसरा मार्ग द्या, दार उघडं ठेवा आणि हे सगळं लिहा. नकार चुकीचा वाटला म्हणून तो कमी वैध होत नाही.

पायरी 9: प्रत्येक सिटिंगला पुन्हा

रोज सगळं पहिल्यापासून सांगायचं नाही. तीन प्रसंगी मात्र थांबून नव्याने बोलायचंच: तंत्र बदललं, पेशंटची तब्येत किंवा औषधं बदलली, किंवा अपेक्षित सुधारणा दिसत नाही. तिसरा प्रसंग आपल्याला टाळावासा वाटतो. सहा आठवडे झाले आणि फरक नाही, हे पेशंटला सांगणं म्हणजे त्याला पुढे जायचं की नाही हे पुन्हा ठरवण्याची संधी देणं. बाकी दिवशी 'मागच्या वेळेनंतर कसं होतं? आज तेच करू, चालेल?' एवढं पुरतं.

पायरी 10: घरी जाताना

पेशंट दाराबाहेर पडल्यावर त्याची सुरक्षितता बरीचशी आपण दिलेल्या माहितीवर चालते. व्यायाम किती, कसा, कितपत दुखणं चालेल आणि कधी थांबायचं, हे सांगून लिहून द्या.

सर्वांत महत्त्वाच्या सूचना कंबरेच्या पेशंटसाठी. मणक्यातल्या खालच्या नसांच्या जुडग्यावर दाब आला तर काही तासांचा उशीरही कायमचं नुकसान करू शकतो. म्हणून पाय दुखणाऱ्या प्रत्येक कंबरेच्या पेशंटला हे उघड शब्दांत सांगा: लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, संडासवरचा ताबा गेला, दोन्ही पायांत कळा किंवा अशक्तपणा आला, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर झाला, लैंगिक संवेदना गेली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच क्षणी हॉस्पिटल. हे सांगताना संकोच होतो, म्हणूनच ते गोल शब्दांत सांगितलं जातं आणि पेशंटला कळत नाही. 'काही त्रास वाटला तर फोन करा' ही सूचना नाही.

पायरी 11: पैसे आणि खासगी माहिती

फी, साधारण किती सिटिंग, विमा देणार का, चुकलेल्या अपॉइंटमेंटचं काय, हे आधी सांगा. विमा खर्च देणार नाही हे आपल्याला माहीत असेल तर ते उपचारांआधी लेखी कळवणं जर्मनीत कायद्याने बंधनकारक आहे. बाकीच्यांनीही तेच करावं. मशीन किंवा ब्रेसच्या विक्रीत आपला आर्थिक फायदा असेल तर तोही सांगायचा.

कोणती माहिती कुठे साठते आणि कुणाला दिसते हेही पेशंटला कळलं पाहिजे. युरोपात 2018 पासून लागू झालेला डेटा संरक्षण कायदा आरोग्याच्या माहितीला विशेष संरक्षण देतो, आणि भारतात 2023 मध्ये वैयक्तिक डेटाचा कायदा झाला. चालण्याचा व्हिडिओ काढायचा असेल तर त्याची वेगळी परवानगी, आणि तो प्रचारात वापरायचा असेल तर त्याहूनही वेगळी.

मुलं, वृद्ध आणि ज्यांना ठरवता येत नाही

मुलांसाठी पालकांची संमती लागते, पण माहिती मुलालाही त्याच्या वयाला झेपेल अशी द्यायची. इंग्लंडमध्ये 1985 च्या गिलिक निकालापासून पुरेशी समज असलेलं मूल स्वतः संमती देऊ शकतं. अनेक देशांत वयाची अट कडक आहे. स्मृतिभ्रंश किंवा पक्षाघात म्हणून माणसाला निर्णय घेता येत नाही असं धरू नका. इंग्लंडचा 2005 चा मानसिक क्षमतेचा कायदा उलट सुरुवात करतो: क्षमता आहे असंच धरा, ती त्या एका निर्णयापुरती तपासा, आणि समजायला मदत करण्याचे सगळे मार्ग वापरून झाल्याशिवाय ती नाही असं म्हणू नका. वाचा गेलेल्या पेशंटला चित्रं दाखवून, बोटाने खुणा करायला लावून हो-नाही विचारता येतं. जीव धोक्यात असताना संमतीसाठी थांबायचं नसतं, पण फिजिओथेरपीत असा प्रसंग अतिदक्षता विभागाबाहेर क्वचित येतो, म्हणून या सवलतीवर विसंबू नका.

पायरी 12: नोंद

जर्मनीत संमती घेतली आणि माहिती दिली हे सिद्ध करण्याचा भार उपचार करणाऱ्यावर असतो, आणि महत्त्वाची गोष्ट नोंदलेली नसेल तर ती केलीच नाही असं गृहीत धरलं जातं. नोंदी उपचार संपल्यानंतर 10 वर्षं ठेवाव्या लागतात. इतर ठिकाणी भाराचे नियम वेगळे आहेत, पण तीन वर्षांनी आपली आठवण आणि पेशंटची आठवण समोरासमोर आल्या तर कागदच बोलतो.

'धोके समजावले, संमती घेतली' ही नोंद कुचकामी आहे. वर दिलेल्या मानेच्या प्रसंगाची नोंद अशी हवी: 'मानेच्या मॅनिप्युलेशन आणि मोबिलायझेशनबद्दल बोलले. एक-दोन दिवस दुखणं, क्वचित रक्तवाहिनीला इजा व पक्षाघात हे सांगितलं. पेशंटने माझं मत विचारलं. मोबिलायझेशनचा सल्ला दिला. पेशंटने मोबिलायझेशन निवडलं, स्वतःच्या शब्दांत सांगून दाखवलं. चक्कर, दुहेरी दिसणं, बोलताना किंवा गिळताना अडचण आल्यास इमर्जन्सीत जाण्यास सांगितलं.' पेशंटने काय विचारलं ते नक्की लिहा. बोलणं झालं होतं याचा त्याहून चांगला पुरावा नाही.

पायरी 13: काही चुकलं तर

भाजलं, पडलं, सुई तुटली, दुखणं अचानक वाढलं. आधी उपचार, मग लगेच खरं सांगणं: काय झालं, आत्ता काय केलं, पुढे काय बघायचं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. इंग्लंडमध्ये गंभीर घटनांबाबत आरोग्यसंस्थांना असं मोकळेपणाने सांगणं 2014 पासून कायद्याने बंधनकारक आहे, आणि अनेक देशांच्या आचारसंहिता प्रत्येक व्यावसायिकाकडून तेच मागतात. 'जे झालं त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं' हे म्हणणं दोष कबूल करणं नव्हे. अनेक ठिकाणी कायदा माफीला तसं संरक्षण देतो. पेशंटला दुसऱ्याकडून कळण्याआधी आपल्याकडून कळलं पाहिजे.

त्याच दिवशी विमा कंपनीला आणि क्लिनिकच्या प्रमुखांना कळवा. नोंद त्याच दिवशी लिहा, घटना जशी घडली तशी, तर्क आणि बचाव बाजूला ठेवून. आधीच्या पानांना हात लावू नका. काही लिहायचं राहिलं असेल तर ते आजची तारीख आणि वेळ टाकून, 'उशिरा केलेली नोंद' असं स्पष्ट लिहून, खाली जोडा.